चिठ्ठीच्या कोपऱ्यातला चौकोन

उठल्या उठल्या माझ्या ऑनलाइन दुकानाचा सेलर डॅशबोर्ड उघडून बघायची मला खोड आहे. त्या दिवशी रोजच्या आकड्यांच्या जागी लाल पट्टी होती. ४३ च्या ४३ लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तू, निष्क्रिय, जमा झालेली रक्कम अडकवून ठेवलेली आणि खाली एवढंच: ‘खरेदीदारांना आमच्या बाजारपेठेबाहेर वळवण्याचा प्रयत्न.’ आधी आलेल्या ११ ऑर्डरी मात्र ठरल्या वेळेत पाठवायच्याच होत्या. म्हणजे दुकानाला बाहेरून कुलूप आणि आत काम चालू ठेवा.

मी हाताने शिवलेल्या वह्या विकते. फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, दुमडायचे, सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायचे, मग पुठ्ठा आणि कापड. चार वर्षं हे एका ऑनलाइन बाजारपेठेवर चाललं होतं. तिचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. दीड वर्षापूर्वी मी स्वतःची वेबसाइट केली. प्रत्येक वहीमागे जाणारं कमिशन बघून जीव तुटायचा, त्यातून सुचलेलं हे काम. साइट झाली, पण तिकडे कुणी फिरकेना. तेव्हा भाच्याने युक्ती काढली. तो माझं पॅकिंग सांभाळतो.

युक्ती अशी की प्रत्येक पार्सलमध्ये आभाराची एक चिठ्ठी घालायची. ‘वही आवडली असेल अशी आशा आहे’ वगैरे. उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड, त्याखाली ‘पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट’. कोड उघडायचा तो थेट माझ्या साइटवर. आठ महिने आम्ही ही चिठ्ठी बिनघोर घालत होतो.

त्यामुळे लाल पट्टी वाचताच मला वाटलं, चिठ्ठी पकडली गेली. कुणीतरी फोटो काढून तक्रार केली असणार.

“मावशी, आधी नियम तरी बघू,” भाचा म्हणाला. आधी म्हणजे चार वर्षांनी. खातं उघडताना ‘मला मान्य आहे’ वर टिचकी मारली होती, तेवढाच माझा त्या नियमांशी संबंध. त्या दिवशी ते बसून वाचले आणि अंगाला घाम फुटला. शीर्षकात, वर्णनात, फोटोवर, ग्राहकाला पाठवलेल्या निरोपात, पार्सलमधल्या कागदावर, कुठेही बाहेरच्या साइटचा पत्ता नको. बाहेर खरेदीसाठी सूट देणं तर अगदी स्वच्छ शब्दांत मना केलेलं.

मोठ्या बाजारपेठांकडे पाहिलं तर हे काही जगावेगळं नाही. अ‍ॅमेझॉन ग्राहकाचा खरा ईमेल विक्रेत्याला दाखवतच नाही. मधे एक बदली पत्ता ठेवते आणि ग्राहक दुसरीकडे वळवायला बंदी आहे. ईबेने २०१७ मध्ये लिस्टिंगमधल्या बाहेरच्या लिंकांवर बंधनं आणली. एट्सीने २०१६ मध्ये विक्रेत्यांसाठी स्वतंत्र वेबसाइट बनवायची सोयच सुरू केली, म्हणजे तुमची साइट हवी असेल तर तीही आमच्याकडूनच घ्या. माझी बाजारपेठ या तिघांपैकी नाही, पण धोरण तेच.

आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार चूक दिसत नाही. ग्राहक शोधायला जाहिरातीवर पैसा त्यांनी घातला, पैसे बुडण्याची भीती त्यांनी घालवली, परत आलेल्या वह्यांची डोकेदुखीही बऱ्याच अंशी त्यांचीच. त्यांच्या दारात उभं राहून मी गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःच्या दुकानाचा पत्ता कोंबत होते. माझा राग वेगळा आहे. नेमकं काय केलं म्हणून बंद केलं, हे सांगायला त्यांना काय होतं? गुन्हा कोणता ते तूच ओळख आणि तूच कबूल कर, ही कुठली रीत?

सपोर्टच्या चॅटवर दोन तास गेले. समोरची व्यक्ती बदलायची, वाक्यं तीच. तिसऱ्या व्यक्तीने एक ऑर्डर क्रमांक दिला आणि ‘या ऑर्डरचा पत्रव्यवहार तपासावा’ एवढं लिहून चॅट संपवलं.

त्या ऑर्डरमधला माझा निरोप तीन दिवसांपूर्वीचा होता. एका ग्राहकाने विचारलं होतं, हीच वही २०० पानांत मिळेल का? मी लिहिलं होतं, ‘इथे नाही, पण आमच्या साइटवर आहे, बघा,’ आणि खाली लिंक. इतक्या सहजपणे की लिहिल्याचं आठवतही नव्हतं. निरोपांमधले पत्ते तपासणारी यंत्रणा असते, तिने ते बरोबर हेरलं. चिठ्ठीबद्दल कुणाला काही माहीतच नव्हतं. आठ महिने जे लपूनछपून केलं ते सुटलं आणि जे चांगुलपणाने केलं त्यावर पकडले गेले.

इकडे टेबलावर ११ पार्सलं टेप लावून तयार होती. प्रत्येकात ती चिठ्ठी.

“आता त्यांनी विचारलेलंच नाही तर चिठ्ठीचं कशाला काढतेस?” भाच्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण अपील केल्यावर एखाद्या पार्सलचा फोटो त्यांच्याकडे गेला तर संपलंच. ब्लेड घेऊन पार्सलं फोडायला बसलो. चिठ्ठ्या छापून घेतलेल्या, जाड कागदाच्या, फेकवेनात. भाचा म्हणाला, कोड तेवढा खोडू. त्याने जाड काळ्या मार्करने एका कोडावरून तिरकी रेघ ओढली, सूट लिहिलेली ओळ गिरवून टाकली आणि खात्री करायला फोन धरला. साइट उघडली! अजून एक रेघ. पुन्हा उघडली. तिसऱ्या रेघेनंतर कुठे फोन गप्प झाला.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यात तो मळणार, खरचटणार, हे धरूनच त्यात माहिती जादा भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीचा कोड असेल तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मात्र तो चौकोन मला मुद्दाम छळतोय असंच वाटत होतं. शेवटी कात्री घेतली आणि ११ चिठ्ठ्यांचे उजवे कोपरे कापून टाकले. कोपरा तुटलेली चिठ्ठी पाहून ग्राहकांना काय वाटलं असेल देव जाणे.

कोपरे कापता कापता भाच्याने साइटची आकडेवारी काढली. चिठ्ठीतल्या लिंकला त्याने वेगळी खूण जोडली होती, त्यामुळे कोण कुठून आलं ते कळायचं. आठ महिन्यांत साधारण ६०० चिठ्ठ्या गेल्या. स्कॅन ३१. त्यातून ऑर्डरी चार.

“चार तरी आल्या,” मी म्हटलं.

“तीन,” तो खाली मान घालून म्हणाला. “एक मी दिली होती, चालतंय का बघायला.”

तीन वह्या! त्यांच्यावरचं वाचवलेलं कमिशन छपाईच्या बिलात केव्हाच जिरलं होतं आणि त्यासाठी चार वर्षांचे रिव्ह्यू पणाला लावले होते.

दुपारभर अपील लिहिलं. पहिला मसुदा चार पानी, त्यात माझे कष्ट, माझा प्रामाणिकपणा, सगळं. भाच्याने तो वाचून बाजूला ठेवला. त्यांना तीनच गोष्टी हव्या होत्या: काय घडलं आणि का, ते निस्तरायला आज काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. दुसरा मसुदा १४ ओळींचा झाला. निरोपात लिंक दिली हे पहिल्याच ओळीत. मग चिठ्ठीपाशी येऊन अडले. भाचा नको म्हणत होता, मी दोनदा ओळ लिहिली, दोनदा पुसली. तिसऱ्यांदा लिहिली आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं. सचोटी म्हणा हवं तर. मला वाटतं भीतीच होती. अर्धवट कबुली देऊन रोज उठून लाल पट्टीची वाट बघणं मला जमलं नसतं.

सहा दिवसांनी खातं उघडलं. चिठ्ठीबद्दल उत्तरात अवाक्षर नव्हतं. कुणी वाचलंच नसावं. सर्वांत जास्त खपणारी वही शोधात पहिल्या पानावर असायची, ती चौथ्या पानावर गेली होती. वर यायला दोन महिने लागले.

त्या सहा दिवसांत साइटवर मात्र एक ऑर्डर आली. खूण नसलेली, थेट. मी त्या बाईंना विचारलं, तुम्हाला साइट कशी सापडली? दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना माझी वही भेट दिली होती. मागच्या पुठ्ठ्यावर नाव दाबून उमटवलेलं आहे, ते त्यांनी सर्चमध्ये टाकलं. पहिल्यांदा काहीच मिळालं नाही, म्हणाल्या. कारण बाजारपेठेवर माझ्या दुकानाचं नाव वेगळंच: खातं उघडताना हवं ते नाव मिळालं नाही म्हणून मागे तीन आकडे चिकटवून घाईत घेतलेलं. साइटच्या डोमेनचं स्पेलिंग आणखी तिसरं. कुणी शोधायचं म्हटलं तरी सापडू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती आणि वर चिठ्ठ्या वाटत होते.

पुढचे १५ दिवस त्यात गेले. दुकानाचं नाव बदलायला अर्ज, नवं डोमेन, जुन्यावरून नव्यावर वळवणं. वहीवरच्या ठशाला हात लावला नाही. तो वस्तूचा भाग, जाहिरात नव्हे. तरी आधी सपोर्टला लेखी विचारून घेतलं. ठशात नुसतं नाव चालेल, ‘डॉट कॉम’ नको, असं उत्तर आलं. ते छापून टेबलासमोर डकवलंय.

राहता राहिला तो २०० पानांचा ग्राहक. खातं उघडलं तेव्हा त्याचा दुसरा निरोप आलेला होता: ‘लिंक उघडत नाहीये.’ यंत्रणेने ती मधेच कापली होती. मी लिहिलं, ‘दोन आठवडे थांबा, इथेच टाकते.’ आणि २०० पानांचे फर्मे दुमडायला बसले.