चालू मशीनमधून रजिस्ट्रीची प्रत काढताना

"मशीन बंद करायचं नाही हं, चार पत्रिका उघड्या आहेत," अण्णांनी दारातच बजावलं. सांगलीतला त्यांचा छापखाना, त्यात लग्नसराई. काम छोटंसंच होतं, त्यांच्या कॉम्प्युटरवर स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, बदलायचा. पण ड्रायव्हरला हात लावण्याआधी रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथं लिहून ठेवतं त्या वहीची, प्रत काढायची, ही माझी जुनी खोड.

विंडोजमधलं सिस्टम३२, त्यात कॉन्फिग नावाचं फोल्डर. रजिस्ट्रीच्या सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम अशा शेपूट (नावापुढचं एक्स्टेन्शन) नसलेल्या फाइली तिथं बसलेल्या असतात. कॉपी-पेस्ट केलं तर उत्तर आलं, फाइल वापरात आहे. मी अॅडमिन असून! विंडोज सुरू झालं की त्याचा गाभा, कर्नल, या फाइली उघडतो आणि मशीन बंद होईपर्यंत मूठ सोडत नाही.

शेजारीच रजिस्ट्रीच्या राखीव प्रतींचं रेगबॅक फोल्डर होतं. तिथल्या फाइली बिनतक्रार कॉपी झाल्या, मी खूश. पेनड्राइव्हवर बघतो तर सगळ्या शून्य केबी. साखरेचा डबा उघडावा आणि आत नुसतं झाकणाचं प्रतिबिंब दिसावं, तसं. नंतर वाचलं की विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून जागा वाचवायला ही आपोआप निघणारी प्रत बंद केलेली आहे. आधी वाचायला हवं होतं, दुसरं काय.

मग सरळ मार्ग धरला. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडला. 'रेग सेव्ह' ही प्रत काढायची आज्ञा, पुढे 'एचकेएलएम\सिस्टम' हे रजिस्ट्रीतल्या भागाचं नाव, पुढे पेनड्राइव्हवरचा पत्ता. काही सेकंदांत प्रत हातात. इथं आपण फाइल ओढून नेत नाही, विंडोजलाच प्रत मागतो. त्यामुळे डिस्कवरच्या मूळ फाइलीत अजून न उतरलेले, लॉग१-लॉग२ या बदल टिपणाऱ्या फाइलींमध्ये अडकलेले बदलही प्रतीत येतात. सॉफ्टवेअरचीही तशीच काढली. सॅमला मात्र मुद्दाम हात लावला नाही. त्यात पासवर्डांचे हॅश, म्हणजे सांकेतिक ठसे, असतात, आणि माझ्या पेनड्राइव्ह कुठं कुठं राहतात ते घरच्यांना विचारा.

वेळ आलीच तर ही सिस्टमची प्रत चालू विंडोजमध्ये परत बसत नाही, रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज नेहमीसारखं सुरू न करता दुरुस्तीसाठी उघडलेल्या, कमांड प्रॉम्प्टमधून बदलावी लागते. ते अण्णांना सांगितलं नाही.

ड्रायव्हर बसला. पडद्यावर चौकट आली : रीस्टार्ट करायचं?

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. मी 'नंतर' दाबलं.