तुम्ही विचारलंत म्हणून: माळढोकच्या रानातले रस्ते

"अक्का, ते माळढोक पक्ष्याचं रान सायकलवर बघता येतं म्हणे. शांत रस्ता कुठला ओ?" बँकेच्या काउंटरवर हा प्रश्न येतो, मंडईत येतो, परवा तर साखरपुड्याच्या पंगतीत ताट हातात असताना आला. उभ्या उभ्या मी "नान्नज-मार्डी" एवढंच म्हणते आणि समोरचा लगेच फोनमध्ये नकाशा उघडतो. पण नकाशात आधी जो रस्ता दिसतो तो शांत नाहीच. म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

नान्नज सोलापूरच्या उत्तरेला, बार्शी रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. या रस्त्यावर एसटी, ट्रक, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, मागे दिवा नाही, पुढे गाण्यांचा असा दणका की सायकलची घंटी कुणाला ऐकू जाणार? इथनं उजाडता उजाडता जायचं, नाहीतर जायचंच नाही. खरे रस्ते मोठा रस्ता सोडल्यावर लागतात. नान्नजहून मार्डीला जाणारा, मार्डीहून सोलापूरला परत आणणारा, कारंबा-अकोलेकाटीकडचे. दोन सायकली शेजारी चालल्या तर तिसऱ्याला जागा नाही, इतके अरुंद. माझी नेहमीची फेरी सोलापूर, नान्नज, मार्डी आणि परत घर, ४५ ते ५० किलोमीटरची.

कुठून सुरुवात करायची ते वाऱ्यावर ठरतं, आणि हे कुणी विचारत नाही. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असा सुटतो की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. तेव्हा आधी नान्नज गाठायचं, म्हणजे तिथून पूर्वेला मार्डीकडे जाताना उघड्या माळावर वारा पाठीशी राहतो. थंडीत उलटं. आधी मार्डी, यमाईला हात जोडायचे, चहा प्यायचा आणि मग नान्नज. आणखी एक: सोलापूर सपाट असं म्हणणाऱ्यांनी या भागात सायकल चालवलेली नसते. माळ लांबून सपाट दिसतो खरा, पण तो हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना बरोबर कळतो.

आता रस्ते इतके मोकळे का, याचं उत्तर जरा अवघड आहे. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. वनखात्याची प्रत्यक्ष कुरणं तुकड्यातुकड्यांत, बाकी सगळी लोकांची शेतं, गावं, बाजारपेठा. कितीतरी वर्षं जमिनीचा व्यवहार म्हणा, बांधकाम म्हणा, अभयारण्याच्या नावाखाली अडत राहिलं. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तेव्हा गावोगाव लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी एकदा एका मेंढपाळ आजोबांजवळ थांबून म्हटलं, "किती छान शांत आहे ओ इकडं." ते म्हणाले, "तुम्हाला छान. आमच्या पोराला घर बांधायला आठ वर्षं लागली." त्यांनी रागानं म्हटलं नाही, उलट बसायला घोंगडी सरकवली. पण तेव्हापासून त्या रस्त्याची तारीफ मी त्या गावात करत नाही, सोलापुरात येऊन करते.

नान्नजची दुसरी ओळख द्राक्षांची. सोनाका ही जात इथलीच, नानासाहेब काळे यांनी काढलेली. सोलापूर, नान्नज, काळे, या तिन्हींची पहिली अक्षरं जोडून नाव झालं सोनाका, असं गावात सांगतात. त्यामुळे रस्त्याच्या एका अंगाला तारांवर चढवलेली बाग आणि दुसऱ्या अंगाला गुडघाभर पिवळं गवत, असं दृश्य इथं दिसतं. फेब्रुवारीत बागेच्या कडेला थांबलात तर घोसाला नाही म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि माळढोक दिसतो का? मला सायकलवरून एकदाही दिसलेला नाही. सातवीत असताना बाबांनी टेहळणीच्या मनोऱ्यावरून दाखवला होता, पावसाळ्यात, नर. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून उभा. मला तर लांबून कुणी धोतर वाळत घातलंय असं वाटलं होतं. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि या पक्ष्याला बाजूचं भरपूर दिसतं पण समोरचं कमी, त्यामुळे विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. देशात आता दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक राजस्थानात. तेव्हा "माळढोक बघायला" म्हणून निघाल तर हिरमुसून परत याल.

काळवीट मात्र दिसतात, अगदी कळपानं. माझा अनुभव असा की चालत्या सायकलकडे ते ढुंकून बघत नाहीत, पण तुम्ही थांबून पाय टेकवलात की सगळ्या माना एकदम वर. फोटो काढायचा तर आधी लांबवरच थांबा. एकानं रस्ता ओलांडला तर ब्रेक दाबा, कारण मागचे सगळे त्याच्यामागेच उड्या मारणार. थंडीत गवतावरून हातभर उंचीनं तरंगत जाणारे भोवत्या ससाणे दिसतात, संध्याकाळी ते त्याच गवतात उतरतात. पावसाळ्यात चंडोल सरळ आभाळात चढून गात राहतात. लांडगा मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा आधी कुत्राच वाटला. रस्त्यावरून दिसतं तेवढं पुष्कळ आहे. सायकल डांबरावरून खाली गवतात घालायची नाही, विणीच्या दिवसांत तर नाहीच. आत जायचं तर नान्नजला वनखात्याची परवानगी काढून, त्यांच्या सांगण्यानुसार.

कुत्र्यांना लोक लांडग्यापेक्षा जास्त घाबरतात, ते बरोबरच आहे. मेंढरांजवळचं कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल मध्ये धरा, आणि मालकाला हाक मारा. तो लांबूनच एक शिवी हासडतो, कुत्र्याला.

पण माझी सगळ्यात जास्त वाट लावली ती सराट्यानं. रस्त्याच्या कडेला पसरणारं हे पिवळ्या फुलांचं वेल, पाऊस सरला की त्याची काटेरी बोंडं वाळून डांबरावर येतात. एका ऑक्टोबरात, ट्रकला जागा द्यायला कडेला काय उतरले, दोन्ही चाकं बसली. जवळ ट्यूब एकच. तीन किलोमीटर ढकलत गावात गेले. दुकानदारानं घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे मोजले, "सात हायत अक्का" म्हणून जाहीर केलं आणि सातही ठिगळं मारली. मग हवा भरायला गेला तर माझ्या बारीक व्हॉल्वला त्याचा पंप बसेना. शेवटी त्याच्या भाच्याच्या मोटारसायकलवर सायकल आडवी धरून मी घरी आले. दुकानदारानं पैसे घ्यायला नकार दिला, "हवा कुठं भरली मी?" म्हणून.

तेव्हापासून दोन ट्यूब, हातपंप, काटे उपसायला जुना चिमटा. दोन बाटल्या पाणी, उन्हाळ्यात तीन. मार्च सरला की नऊच्या आत घरात, कारण माळावर सावली म्हणजे एखादी बाभूळ, आणि तिच्याखाली पुन्हा काटेच. खायला शेंगापोळी. ती खिशात मोडत नाही, आणि विकतच्या चॉकलेटच्या वड्यांसारखी वितळतही नाही. मोजे मात्र लांब घालू नका. कुसळं त्यात अशी घुसतात की धुतल्यावरही टोचत राहतात.

सप्टेंबर ते फेब्रुवारी, रविवारी साडेपाचला मी निघते. येणार असाल तर आदल्या रात्री कळवा. आणि बारीक व्हॉल्वसाठी पितळी अडॅप्टर मिळतो तो घेऊन या. एक मी त्या दुकानात ठेवून दिलाय, पण बाजाराच्या दिवशी दुकान बंद असतं.