तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लोरेलायला बघायचं काय, नुसता दगडच ना?’

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न येतोच. ‘ऱ्हाइन नदीत बोटीची फेरी घ्यायची का? आमच्या शेजारचे जाऊन आले, म्हणाले लोरेलाय म्हणजे नुसता दगड. आणि किल्ले काय, आपल्याकडे कमी आहेत का?’

हो, दगडच आहे. नदीकाठचा पाटीच्या दगडाचा कडा, पाण्यापासून १३२ मीटर उंच. पण शेजारचे कुठून कुठपर्यंत बोटीत होते, ते विचारलंत का?

ग्रुप टूरमध्ये बऱ्याचदा बॉपार्ड ते सांक्ट गोआर एवढीच बोट असते. ऱ्हाइनच्या काठावर मोठ्या आकड्यांच्या पाट्या दिसतात. ते कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर. बॉपार्ड ५७०, सांक्ट गोआर ५५६, लोरेलाय ५५४. म्हणजे लोरेलाय दोन किलोमीटरवर आली की तुम्हाला बोटीतून उतरवतात, बसमध्ये बसवतात आणि खिडकीतून ‘तो बघा’ म्हणतात. मग तो दगडच दिसणार. त्याच्या अलीकडे बंधाऱ्याच्या टोकाला लोरेलाय याच नावाची, दंतकथेतली ब्राँझची बाई बसलेली आहे, तिचे फोटो काढून लोक परततात. ती १९८३ सालची आहे.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंत अख्खी घळ बोटीनं करा. युनेस्कोच्या यादीत २००२ साली गेलेला हा ६५ किलोमीटरचा पट्टा, अर्धवट कशाला बघायचा? तेव्हाचं ते म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण प्रत्यक्षात दोन तासांनी माणसं वाऱ्याला कंटाळतात, आत केक-कॉफी घेऊन बसतात आणि मार्क्सबुर्ग, या घळीतला कधीही न पडलेला एकमेव डोंगरी किल्ला, ५८० व्या किलोमीटरला समोरून निघून जातो.

म्हणून आता सांगते: बाखाराख ते सांक्ट गोआर, १३ किलोमीटर, प्रवाहाबरोबर. सुमारे पाऊण तास. दोन्ही गावं डाव्या काठावर आहेत, त्यामुळे परतीला लोकल ट्रेन मिळते. हे बघून घ्या, कारण माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. चुकून पलीकडच्या गावात उतरलात तर फेरीबोट शोधावी लागते. बसायचं वरच्या डेकवर, उजवीकडे. जूनमध्येसुद्धा जाकीट बरोबर हवंच.

पहिला मोठा थांबा काउब. नदीच्या मधोमध बेटावर फाल्त्सग्राफनश्टाइन हा किल्ला उभा आहे. १३२७ च्या सुमाराला जर्मन राजा लुडविग बव्हेरियननं तो बांधला, लढाईसाठी नाही, जकातीसाठी. आपल्या किल्ल्यांशी तुलना करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, इथले बरेचसे किल्ले हे जकात नाके होते आणि या नाक्यावर वसुली १९ व्या शतकापर्यंत चालू होती. तटाचं वरच्या अंगाचं टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं आहे, थंडीत वाहत येणारा बर्फ फोडायला. हे मात्र मान्य करते की बिंगनजवळचे र्‍हाइनश्टाइन, झोनेक वगैरे तुम्ही कौतुकानं बघता ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्यानं अवशेषांवर हौसेनं उभे केलेले आहेत. तिथं ‘आमचे गड खरे’ म्हणालात तर वाद घालणार नाही.

ओबरवेझल मागं पडलं की नदी आवळत जाते. लोरेलायपाशी पात्र दीडशे मीटरच्याही आत येतं आणि खोली २५ मीटरपर्यंत जाते. पाणी तेवढंच, जागा कमी, म्हणून वेग वाढतो. त्यात वळणं. खाली येणाऱ्या जहाजाला सुकाणू लागू पडायला पाण्यापेक्षा जास्त वेगानं जावं लागतं आणि वळताना त्याची शेपूट बाहेर फेकली जाते. शंभर मीटरचं जहाज अशा वेळी जवळजवळ आडवं होऊन पात्र खातं. खालून कुणी चढत असेल तर त्यानं थांबायचं असतं. त्यासाठी ओबरवेझल ते सांक्ट गोआर काठावर पांढऱ्या उजेडाच्या पट्ट्यांचे सिग्नल आहेत, वरून काय येतंय आणि केवढं लांब आहे ते सांगणारे. पूर्वी हे काम माणसं झेंडे घेऊन करत.

तरी १३ जानेवारी २०११ ला पहाटे ‘वाल्डहोफ’ नावाचं टँकर जहाज इथं उलटलं. लुडविग्सहाफनहून अँटवर्पकडे निघालेलं, पोटात सुमारे २,४०० टन सल्फ्युरिक ॲसिड. खलाशी चार, त्यातले दोघेच वाचले. नदीला पूर होता, पण वाहतूक बंद करण्याइतका नव्हता. चौकशीत निघालं ते असं: टाक्या काठोकाठ भरलेल्या नव्हत्या. अर्धवट भरलेल्या टाकीतलं द्रव वळणावर एका अंगाला सरकतं, जहाज कलतं, कललं की आणखी सरकतं. सरळ नदीत असं जहाज कदाचित निभावून गेलं असतं. या वळणांत त्याला सावरायला वाव मिळाला नाही. मागं शेकडो जहाजं अडकून पडली. बरंच ॲसिड बेताबेतानं नदीत सोडावं लागलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर क्रेननं सांगाडा उचलला. केस विंचरणाऱ्या बाईच्या गाण्यानं नावाडी बुडतात ही गोष्ट तुम्हाला स्पीकरवर ऐकवतात. त्या गोष्टीवरची जर्मन कवी हाइनेची कविता १८२४ ची. ते संपेपर्यंत बोट वळणातून बाहेर येते. तेवढा वेळ दगडाकडे नाही, पाण्याकडे बघा. भोवरे उजव्या-डाव्या अंगाला कसे सरकतात, आणि तुमचा कप्तान वळणाच्या आधीच बोटीचं तोंड कसं फिरवतो.

उन्हाळ्यात ‘पाणी नाही म्हणे, बोट चालेल का?’ असंही विचारतात. बातम्यांत काउबच्या पाणीपातळीच्या मोजपट्टीचा आकडा येतो, तो नदीची खोली नसतो. त्यात साधारण ११२ सेंटिमीटर मिळवले की जहाजमार्गाची खोली येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला, लोक फाल्त्सग्राफनश्टाइनच्या बेटापर्यंत चालत गेले. उलट ६ मीटर ४० ला वाहतूक पूर्ण बंद. मधल्या काळात प्रवासी बोटी चालतात, फक्त काही धक्के वगळतात. आदल्या दिवशी वेळापत्रक बघावं.

राहता राहिलं उलट्या दिशेचं. सांक्ट गोआरहून वर चढलात तर वेळ सव्वा तासाच्या घरात जातो. पण दुपारी लोरेलायच्या कड्यावर ऊन असतं, सकाळी सावली, आणि सिग्नल चढणाऱ्यांसाठीच असल्यानं समोर दिसतात. खाली येताना मान मागं वळवावी लागते. मग प्रवाहाबरोबर जा असं मी का सांगते? कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना संध्याकाळी फ्रँकफर्टची गाडी गाठायची असते.