न विचारता कळणाऱ्या गोष्टी

मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडली की घर शांत होते, असा सर्वांचा समज असतो आणि भेटणारा प्रत्येक जण त्या शांततेविषयीच सहानुभूतीने चौकशी करतो. माझ्यापुरते सांगायचे तर शांततेची मला फारशी अडचण झाली नाही. ज्या शांततेसाठी मी वर्षानुवर्षे मुलांवर ओरडत आलो, ती अखेर मिळाल्यावर तिच्याबद्दल तक्रार करणे शोभलेही नसते. अडचण झाली ती निराळ्याच गोष्टीची. मुले घरात असताना त्यांच्याविषयी जे न विचारता कळत होते, ते कळायचे बंद झाले.

न विचारता कळणे ही काय चीज आहे, हे ते कळत असताना लक्षात येत नाही, कारण त्यासाठी आपल्याला काहीच करावे लागत नाही. मुलगी बाहेरून आली की तिच्या चपलांच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला असेल याचा अंदाज यायचा. दोन्ही चपला पाठोपाठ भिंतीवर आपटल्या तर कुणाशी तरी वाजले आहे, एवढे समजून घ्यायचे. आणि आवाज अजिबातच झाला नाही तर प्रकरण त्याहून गंभीर असणार, हेही समजून घ्यायचे. मुलाच्या दाराखालच्या फटीतून रात्री उजेड किती वाजेपर्यंत येतो, त्याचा खोकला खरा आहे की शाळा बुडवण्यापुरता, फोनवर बोलता बोलता त्याचा आवाज नेमका कोणत्या नावाला खाली येतो, हे सगळे कानावर आणि नजरेवर आपोआप येऊन पडत असे. ही माहिती कुणी मागितलेली नसते आणि कुणी दिलेलीही नसते. एका छपराखाली राहिल्याबद्दल ती वरकड मिळते. पालकपणाचा बराचसा कारभार या वरकड मिळकतीवर चाललेला असतो, असे मला आता वाटू लागले आहे. तासभर उपदेश करण्याऐवजी ‘आज राहू दे, झोप जा लवकर’ एवढेच नेमक्या वेळी म्हणण्याची अक्कल आईबापांना येते, ती काही उपजत नसते. ती चपलांच्या आवाजातून आलेली असते.

मुले दूर गेल्यावर बातम्या मात्र थांबत नाहीत. उलट पूर्वी घरात असताना जो मुलगा आठवडाभर ‘काही नाही’ आणि ‘बघू’ या दोन उत्तरांवर दिवस काढत असे, तो आता फोनवर बरेच काही सांगतो. परीक्षा झाली, खोली बदलली, नवे वरिष्ठ बरे आहेत, मध्यंतरी ताप येऊन गेला. या ‘येऊन गेला’मध्ये सगळे आले. घरात असता तर अंगात कणकण आहे हे त्याला कळण्याआधी त्याच्या आईला कळले असते. आता ताप उतरल्यावर, औषधे संपल्यावर आणि पुन्हा कामावर रुजू झाल्यावर तो आमच्यापर्यंत पोहोचतो. बातमी कळते, दिवस कळत नाही. शिवाय बातमी निवडलेली असते. कोणता भाग आईला सांगायचा, कोणता मला, आणि कोणता फक्त बहिणीला, याचे संपादन तिकडे आधीच झालेले असते. माझी पत्नी म्हणूनच व्हिडिओ कॉलवर मुलाच्या चेहऱ्याकडे फारसे बघत नाही. चेहरा तो आमच्यासाठी तयार करून बसलेला असतो, हे तिला माहीत आहे. ती त्याच्या मागे बघते. खुर्चीच्या पाठीवर कपड्यांचा ढीग किती चढला आहे, खिडकी उघडी आहे की बंद, पलंगावरची चादर कधीची असावी, यावरून ती आपला अहवाल तयार करते आणि फोन ठेवल्यावर मला सांगते. तिचे निदान सहसा चुकत नाही. हल्ली तो भिंतीला पाठ लावून बसतो.

माझ्याकडे असा एक झरोका काही काळ उघडा होता, आणि तो म्हणजे ओटीपी. मुलांची खाती, अर्ज, तिकिटे, परीक्षांची नोंदणी हे सारे लहानपणापासून बापाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते आणि घर सोडताना ते बदलायचे कुणाच्या मनात येत नाही. त्यामुळे मुलगी दूर गेल्यावरही कितीतरी दिवस रात्री-अपरात्री माझ्या फोनवर सहा आकडे येऊन पडत आणि पाठोपाठ तिचा निरोप येई, ‘बाबा, ओटीपी’. पुढे-मागे एक शब्द नाही, कारण काही मिनिटांत तो आकडा निकामी होणार असतो. मी चष्मा शोधून आकडा पाठवायचो आणि सोबतच्या मजकुरावरून मला कळायचे की ही अजून जागी आहे, कुठल्या तरी गावाचे तिकीट काढते आहे, किंवा ज्या विषयाचे नावही काढणार नाही असे म्हणाली होती त्याच विषयाचे पुस्तक मागवते आहे. झोपमोडीबद्दल मी कुरकुर करत असे, पण ती वरवरची होती. पुढे एका रविवारी तिने निवांत बसून सगळीकडे स्वतःचा क्रमांक घातला आणि ‘बाबा, आता तुला मध्यरात्री उठवणार नाही’ असे मोठ्या कौतुकाने सांगितले. शहाणपणाचेच काम होते. मी ‘बरे केलेस’ म्हणालो.

आयांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नुसत्या मायेची नाही. अमेरिकी संशोधक डायना बिआंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखवून दिले की गर्भातल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात प्रसूतीनंतर तब्बल २७ वर्षांनीही सापडू शकतात. त्यांनी शोध घेतला तो मुलग्यांच्या पेशींचा, कारण त्यांच्यातले वाय गुणसूत्र आईच्या स्वतःच्या पेशींत नसते आणि त्यामुळे ते ओळखू येते. म्हणजे मुलगा शिकून, नोकरीला लागून, भाड्याच्या घरात स्वतःचे कपडे वाळत घालू लागला तरी त्याचा थोडा अंश आईच्या रक्तात फिरत असू शकतो. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा पत्नीने ‘यात नवीन काय’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. बापाच्या रक्तात असले काही नसते. त्याला सहा आकड्यांवर भागवावे लागते, आणि तेही बंद होतात.

यावर उपाय म्हणून काही पालक मुलांना फोनवरचे लोकेशन कायम चालू ठेवायला सांगतात. माझ्या ओळखीतही असे आहेत आणि मुलांचा टिंब नकाशावर सरकताना पाहून त्यांना बरे वाटते. मला हे पटत नाही. एक तर तो टिंब मूल कुठे आहे हे सांगतो, कसे आहे हे सांगत नाही, आणि आपल्याला हवे असते ते दुसरे. पण खरा आक्षेप त्याहून पुढचा आहे. चपलांचा आवाज मी ऐकत होतो, कारण मी तिथे होतो. मीही त्याच घरात राहत होतो आणि माझी चिडचिड, माझी उशिरा येण्याची कारणे, माझे पैशांचे हिशेब मुलांच्या कानावर तसेच पडत होते. तो देवाणघेवाणीचा व्यवहार होता. नकाशावरचा टिंब ही एकतर्फी टेहळणी आहे, आणि ‘काळजी वाटते म्हणून’ या सबबीने तिचे स्वरूप बदलत नाही. माणूस मोठा होतो म्हणजे आणखी काय होते? आपल्याविषयी कुणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार तो हळूहळू आपल्याकडे घेतो. मुलगा भिंतीला पाठ लावून बसतो तेव्हा तो तेवढेच करत असतो.

शिवाय मुले आपल्यापासून दूर जाऊ शकतात ती आपण त्यांच्याजवळ असल्यामुळेच, असे मानसशास्त्र सांगते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एकटे राहण्याच्या क्षमतेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांचे म्हणणे असे की, मूल एकटे राहायला शिकते ते आई जवळपास असताना. ती काही करत नसते, काही मागत नसते, फक्त असते, आणि त्या भरवशावर मूल आपल्यातच रमते. मला दाराखालच्या फटीतला उजेड आठवला. आत मुलगा एकटा होता, बाहेर आम्ही वर्तमानपत्र चाळत बसलो होतो, आणि मी त्या सगळ्या संध्याकाळी वाया गेलेल्या समजत होतो.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांवर केलेला प्रयोगही या संदर्भात मला फार उपयोगी पडला. साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलाला आईबरोबर एका अनोळखी खोलीत खेळायला सोडायचे, मग आईने दोनदा, काही मिनिटांसाठी, बाहेर जायचे आणि परत यायचे, असा तो सगळा वीसेक मिनिटांचा मामला. मूल आई गेल्यावर रडले का, यापेक्षा ती परत आल्यावर त्याने काय केले, याकडे एन्सवर्थ यांचे अधिक लक्ष होते. ज्या मुलांचे आईशी नाते भरवशाचे होते ती तिला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला निघून गेली. आमची मुले सुटीत घरी येतात, दारातच गळ्यात पडतात, आणि अर्ध्या तासात मित्रमैत्रिणींना भेटायला बाहेर पडतात, तेव्हा मी पत्नीला एन्सवर्थ यांचा निष्कर्ष ऐकवतो. तिला अर्धा तास फार कमी वाटतो. काही मिनिटांच्या विरहाला तेवढा पुरेसा असेल, इतक्या महिन्यांच्या विरहाला नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि त्यावर एन्सवर्थ यांनी काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

पक्ष्यांचा दाखला या विषयात हटकून दिला जातो, म्हणून मी एकदा तोही पाहून घेतला. युरोपातल्या पाकोळीची पिल्ले उडण्याआधी घरट्यातच पंखांवर भार देऊन जोर काढतात आणि एके दिवशी निघून जातात, ती त्या क्षणापासून स्वतंत्र. आईबाप पुन्हा त्यांना भरवत नाहीत. दुसरे टोक पॅसिफिक महासागराच्या ईशान्य किनाऱ्यालगत राहणाऱ्या ऑर्का देवमाशांचे. तिथे मुलगे प्रचंड वाढले तरी जन्मभर आईच्याच कळपात राहतात आणि आई म्हातारपणीही त्यांना आपल्या शिकारीतला वाटा देते. दोघांनाही फोन करावा लागत नाही. पाकोळीला मुलांचे काहीच कळत नाही आणि ऑर्काला सगळेच कळते. दूर राहून थोडेसे कळत राहण्याची ही चमत्कारिक अवस्था बहुधा माणसाच्याच वाट्याला आली असावी.

घरात उरलेल्या दोघांचे काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या मिल्स कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा १८ वर्षे मागोवा घेणारा एक शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. मुले घराबाहेर पडल्यावर या स्त्रियांचे वैवाहिक समाधान वाढले होते, आणि त्याचे कारण नवऱ्याबरोबर अधिक वेळ मिळाला हे नव्हते, तर जो वेळ मिळत होता तो अधिक आनंदाचा झाला होता. पहिले काही महिने आमच्याकडे याचे चिन्ह दिसेना, कारण इतकी वर्षे आमचे सगळे बोलणे मुलांविषयीच्या त्या वरकड माहितीवर चालले होते आणि तिचा पुरवठाच आटला होता. मग हळूहळू लक्षात आले की मुलांच्या चपला ऐकण्याच्या नादात एकमेकांकडे बघायचे राहून गेले होते. पत्नीने कधीतरी संध्याकाळी चित्रे काढायला सुरुवात केली होती, हे मला घरात असून कळलेले नव्हते.

सध्या आमच्याकडे एक नवीच भानगड सुरू आहे. बातम्यांचे संपादन आता आम्हीही करू लागलो आहोत. पत्नीचा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आहेत, पण मुलीच्या कामाचे दिवस आहेत, उगाच कशाला तिच्या डोक्याला ताप, म्हणून फोन येण्याआधी आम्ही दोघे बसून काय सांगायचे आणि काय नाही हे ठरवून घेतो. परवा फोन आला तेव्हा ठरल्याप्रमाणे मी हवामानाविषयी बोललो, शेजाऱ्यांविषयी बोललो, पाण्याच्या मोटारीविषयीही बोललो. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “बाबा, आई जिना कशी उतरते रे हल्ली?” मागच्या खेपेला व्हिडिओ कॉल चालू असताना आई उठली ती टेबलाच्या कडेला धरून उठली, हे तिने तेव्हाच पाहून ठेवले होते. मी म्हणालो, थोडेसे दुखते, पण आता बरे आहे. “म्हणजे किती दिवस झाले?” तिने विचारले, आणि एक्स-रे काढला असेल तर त्याचा फोटो लगेच पाठवायला सांगितले.