इंडक्शन फर्नेसचं लायनिंग: घाई नडते ती इथेच

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसची, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीची, चर्चा निघाली की बोलणं विजेच्या पॅनेल आणि युनिटवर येतं. माझ्या मते फर्नेस जगते ती लायनिंगवर, म्हणजे आतल्या अस्तरावर. तांब्याच्या कॉइलमध्ये थंड पाणी खेळतं, आत साधारण १,४५० अंशांचा बीडाचा रस, आणि मध्ये सिलिका रॅमिंग मासची (ठोकून बसवायच्या सिलिका पावडरीची) काही इंचांचीच भिंत. ५००-१,००० हर्ट्झचा प्रवाह कॉइलमधून गेला की स्क्रॅपमध्ये भोवरा-प्रवाह तयार होतात आणि धातू आतूनच तापतो. त्याच प्रवाहांच्या चुंबकी बलाने रस ढवळला जातो. मिश्रण एकजीव होतं, पण भिंतही घासते.

मासमध्ये बोरिक ॲसिड सुमारे १ टक्का, आणि मास पूर्ण कोरडं हवं. आधी तळ ठोकून लेव्हल करा, मग फॉर्मर (भिंतीला आकार देणारा साचा) बरोबर मध्यावर बसवा. तो सरकला की एका बाजूची भिंत पातळ झालीच. थर थोडा थोडा टाका, काट्याने टोचून हवा काढा, पुढच्या थराआधी पृष्ठभाग खरवडा. गुळगुळीत थरावर पुढचा थर धरत नाही, तिथे आडवी चीर पडते.

सिंटरिंगला, म्हणजे लायनिंग तापवून पक्कं करताना, तासाला १०० अंशांच्या आसपासच चढवा. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झ एकदम फुगतं, तिथे घाई केली तर तडे. शेवटी टॅपिंगच्या (रस ओतून काढायच्या) तापमानापेक्षा ५० अंश वर नेऊन तास-दोन तास धरा. आतली बाजूच दगडासारखी होते, कॉइलकडची पावडर मोकळीच राहते. ती तशीच हवी, कारण चिरेतून आलेला रस तीच अडवते.

गंजका स्क्रॅप लायनिंग खातो: लोखंडाचा ऑक्साइड सिलिकाशी मिळून पातळ स्लॅग (मळी) बनतो. रस जास्त तापवून ठेवला तर कार्बन सिलिकावर तुटून पडतो. कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतं, भिंत झिजते. वर चार्ज (भट्टीत टाकलेला स्क्रॅप) अडकून पूल झाला की खालचा रस नकळत बेफाम तापतो, म्हणून चार्ज सैल ठेवा. ओला स्क्रॅप रसात कधीच नको, स्फोट होतो.

त्याच व्होल्टेजला किलोवॅट वाढत चालले तर भिंत पातळ होतेय. ग्राउंड लीकेजचा ट्रिप (जमिनीकडे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं संरक्षण) बायपास करून हीट (वितळवणीची फेरी) पूर्ण करू नका. फर्नेस रिकामी करा, मग कारण शोधा. वीज गेली तरी कॉइलचं पाणी थांबता कामा नये. उंचावरची टाकी किंवा जनरेटरवरचा पंप दर आठवड्याला चालवून पाहा.