विमान संग्रहालयातील स्वयंसेवा आणि अडलेले शिफारसपत्र

इंग्लंडमध्ये आमच्या घराजवळच्या विमान संग्रहालयात मी आता दर शनिवारी स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून काम करते. अर्ज सोपा होता, मुलाखत मोकळ्या गप्पांसारखी झाली आणि अग्निसुरक्षेचे प्रशिक्षणही चटकन आटोपले. घोडे अडले ते शिफारसपत्रापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

संग्रहालयाला दोन शिफारसी हव्या होत्या, त्यांपैकी एक शेवटच्या नोकरीच्या ठिकाणची. माझी शेवटची नोकरी पुण्यातली, म्हणून तेथील वरिष्ठांचा ई-मेल पत्ता मी दिला. प्रश्नावली अगदी छोटी होती: या व्यक्तीला किती वर्षे ओळखता, ती वेळ पाळते का, लोकांशी कशी वागते आणि लहान मुले असतील तेथे तिला काम देण्यास काही हरकत आहे का. उत्तर आले नाही. चौकशी केल्यावर कळले की साहेबांची बदली झाली असून अशी पत्रे आस्थापना विभागाकडूनच जातात. त्या विभागाने सांगितले की परदेशातून आलेल्या ई-मेलला उत्तर देता येत नाही, स्वतःच्या सहीचा अर्ज आवक-जावक खिडकीवर द्यावा. सही केलेला अर्ज मी टपालाने धाकट्या भावाकडे पाठवला. त्याने तो नेऊन दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. त्यानंतर मी तेथे दहा वाजता कार्यालय उघडण्याची, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातल्या पहाटेच्या साडेपाचची, वाट पाहून फोन करू लागले. कधी फाईल सहीसाठी वर गेलेली असे, कधी मॅडम रजेवर असत, कधी फोन नुसताच वाजत राही. अखेर जे आले ते अनुभव प्रमाणपत्र होते: रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्त झाल्याची तारीख, पदनाम आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढे दोन शब्द. विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. जेथे उमेदीची सारी वर्षे मान मोडून काम केले, तेथून चार ओळी मिळू नयेत याचा मला मनस्वी संताप आला. तोपर्यंत माझ्याबरोबर अर्ज केलेले लोक पर्यटकांचे गट घेऊन फिरूही लागले होते.

सुटका झाली ती समन्वयक बाईंमुळे. येथील वाचनालयात मी मुलांना गोष्टी सांगते असे मी बोलता बोलता म्हणाले, तेव्हा तेथील ग्रंथपालांची शिफारसही चालेल असे त्यांनी सांगितले, आणि ग्रंथपालांनी त्याच दुपारी प्रश्नावली भरून पाठवली. ही सवलत अर्जात कोठेही छापलेली नाही. म्हणून भारतातून आलेल्या प्रत्येकाने स्थानिक व्यक्तीची शिफारस चालेल का, हे अर्ज देण्यापूर्वीच लेखी विचारावे.

मुलांकडे पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: त्या व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते.

पुढचा टप्पा आनंदाचा. जुन्या मार्गदर्शकांच्या मागे फिरून ऐकायचे आणि मग परीक्षकासमोर स्वतः फेरी घ्यायची. मी माझी फेरी नॅट विमानापाशी जास्त वेळ थांबवली. येथे ते रेड ॲरोज या कवायती पथकाचे लाल रंगाचे प्रशिक्षण विमान म्हणून ओळखले जाते. पंखांचा विस्तार जेमतेम ७.३ मीटर. त्याचीच एक आसनी लढाऊ आवृत्ती बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधली, आणि तीच चालवत १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखों लढले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलातील एकमेव अधिकारी, हे मी सांगितले तेव्हा परीक्षकाने वही बाजूला ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला फार अभिमान वाटला. तेव्हा दिलेल्या माहितीपत्रकातले आकडे पाठ कराच, पण आपल्याला जवळचे असलेले एखादे विमान निवडून त्याचा इतिहास नीट वाचून ठेवा. आणि हँगरची काँक्रीटची जमीन हिवाळ्यात फार गार पडते. बूट जाड तळव्याचे घ्या.