हातातली टकळी

आज सूतकताईच्या तासाला एका मुलीच्या हातातून टकळी घेतली. हिसकावली नाही, पण विचारलंही नाही. तिचा धागा तुटला होता. मी सांधला, दोन हात सूत काढून दाखवलं आणि टकळी परत दिली. तिनं ती करवंटीत ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि तास संपेपर्यंत पुन्हा फिरवली नाही. शेजारचा पोरगा 'धागा तुटी गया, ताई' म्हणून हाका मारत होता, मी त्याच्याकडे वळले. अमळनेरहून बसनं येताना मात्र डोळ्यांसमोर तिचे ते मांडीवरचे हातच होते.

टांझानियातल्या म्वांझा शहरात सूतकताई शिकवली, त्या अकरा दिवसांत एकदाही असं केलं नव्हतं. तिथल्या पोरांच्या हातातली टकळी दहादा पडली तरी मी जागची हलले नाही. मग इथेच का?

तिचं चुकत काय होतं, हे मला लगेच दिसलं होतं. आपल्या कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटरचा. दोन चिमट्यांमधलं अंतर त्याहून कमी झालं की एकच तंतू दोन्हीकडून धरला जातो, तो सरकत नाही. मग पोरं जोर लावतात आणि पेळूचा, म्हणजे पिंजून वळलेल्या कापसाचा, पुंजकाच उपटून येतो. 'हात जरा लांब धर,' एवढंच म्हणायचं होतं. सांधणंही तिला जमलं असतं. गाठ मारायची नाही. सुताचं टोक उलटा पीळ देऊन फुलवायचं, पेळूच्या विस्कटलेल्या तोंडावर दोन बोटं लांबीचं ठेवायचं, चिमटीत धरून टकळीला एक फेर द्यायचा. पीळ वर चढेपर्यंत ओढायचं नाही, नाहीतर त्याच जागी पुन्हा तुटतं. पीळ पुरेसा झाला की नाही हे सांगून कळत नाही, बोटांनाच कळतं. आणि त्यासाठी ते चार-पाच वेळा तिच्याच बोटांत तुटायला हवं होतं. मी तिचं तुटणंच काढून घेतलं.

शिवाय ती सकाळी वेचणी करून आली होती. बोंडांनी बोटं ओरखडलेली. कापूस तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या त्या शहराभोवतीही कापूसच पिकतो. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याला पांबा म्हणतात. पहिल्याच दिवशी घोळ झाला होता. दुपारी तीनला सत्र म्हणून मी 'सा तातू' लिहून लावलं आणि पोरं सकाळी नऊलाच दारात. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, तिसरा तास म्हणजे नऊ. तेव्हापासून कुठलीही गोष्ट गृहीत धरायची नाही, असं मनाशी ठरवलं होतं. परत आल्यावर सगळ्यांना सांगतही होते की तिथे मी थांबायला शिकले.

खरंच शिकले होते का? मी एक वाक्य बोलायचे, मग दुभाष्या बोलायचा. दोन तासांच्या सत्रात माझं बोलणं जेमतेम तासाभराचं. तो बोलत असताना मला काम नसायचं, म्हणून मी पोरांचे हात बघायचे. कुणाची टकळी कलते, कुणाचा पीळ जास्त होऊन सूत स्वतःभोवतीच वळतं, सगळं दिसायचं. आणि माझी सूचना पोचेपर्यंत निम्म्यांनी आपली चूक स्वतःच दुरुस्त केलेली असायची. तो धीर माझा नव्हताच. भाषा येत नव्हती, म्हणून थांबावं लागत होतं. इथे भाषा येते आणि पोरं आपलीच, म्हणून हात सरळ पुढे जातो. आपलीच म्हणून... अण्णा आम्हाला पाटीवर अक्षर गिरवायला असंच शिकवायचे, हात धरून. असो.

तासभर फार वाईट वाटलं. इतका प्रवास, इतकी तयारी, आणि बरोबर आणलं काय? आता जरा निवलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गावर्गांत मोजून पाहिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात. म्हणजे हा आपोआप येणारा गुण नाही, तो मोजूनच करावा लागतो. दुभाष्यानं तो माझ्याकडून करवून घेतला, इथे मला करायचा आहे.

उद्या माझ्या हातातही टकळी ठेवणार, म्हणजे हात मोकळा राहणार नाही. धागा तुटला की मनात स्वाहिलीत पाचपर्यंत मोजायचं: मोजा, म्बिली, तातू, ने, तानो. मग बोलायचं, तेही एकच वाक्य.

पेळू वळून झालेत. चोवीस पोरांना प्रत्येकी तीन, वर दहा जास्तीचे. तिच्या टकळीवरचं मी काढलेलं दोन हात सूत आत्ता उलगडून तोडून टाकलं. त्याखालचं तिचं, मध्येच जाड मध्येच केसासारखं, तसंच ठेवलंय. टोक फुलवलेलं नाही.